पेशींच्या बाहेरचे शरीर

पेशींच्या बाहेरचे द्रव म्हणजे रक्त, असे पुष्कळांना वाटते. सुमारे ७० किलो वजनाच्या प्रौढ पुरुषाच्या शरीरात साधारण ४२ लिटर पाणी असते; त्यातले २८ लिटर पेशींच्या आत आणि १४ लिटर बाहेर. या १४ लिटरांत रक्तद्रवाचा, म्हणजे प्लाझ्माचा, वाटा जेमतेम ३ लिटर. उरलेले बहुतेक पेशींच्या अवतीभवती ऊतीद्रव म्हणून असते.

हे ऊतीद्रव मोकळे खेळत असते, ही कल्पनाही चुकीची आहे. कोलॅजन तंतूंचे जाळे आणि हायलुरोनिक आम्लासारखे पाणी धरून ठेवणारे रेणू यांत ते जेलीसारखे अडकलेले असते. म्हणून उभे राहिल्याबरोबर सगळे पाणी पायांत उतरत नाही. नडगीवर बोट दाबल्यावर खळगा पडला, तर तिथे मोकळे पाणी साठू लागले आहे असे समजावे.

अशी सूज जास्त पाणी प्यायल्याने येत नाही. निरोगी मूत्रपिंडे जादा पाणी काही तासांत बाहेर टाकतात. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारात शरीर सोडियम धरून ठेवते आणि सोडियममागोमाग पाणी अडते, म्हणून डॉक्टर आधी मिठावर बोट ठेवतात. विदर्भात परिचित असलेल्या हत्तीपायाची गोष्ट वेगळी. तिथे हत्तीरोगाच्या कृमींमुळे लसिकावाहिन्या निकामी होतात आणि केशवाहिन्यांतून झिरपलेले द्रव रक्तात परतू शकत नाही. मीठ सोडून तो पाय उतरत नाही.

कोलॅजनची पूड खाल्ली की ते थेट त्वचेत जाऊन बसते, हा समज जाहिरातींनी पोसला आहे. पोटात गेलेल्या कोलॅजनचे इतर प्रथिनांप्रमाणेच अमिनो आम्ले आणि छोटे तुकडे होतात. नवे कोलॅजन पेशींनाच घडवावे लागते, तेही क जीवनसत्त्व असेल तर. ते नसले की स्कर्व्ही होऊन हिरड्यांतून रक्त येते.

जुलाबात नुसते पाणी पुरते, हा गैरसमज सर्वांत घातक. पेशींबाहेरच्या द्रवात लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल सोडियम असते आणि जुलाबातून पाण्याबरोबर तेही वाहून जाते. आधी हेच द्रव आटते. डोळे खोल जातात, नाडी क्षीण होते. आतड्यात ग्लुकोजच्या जोडीने सोडियम शोषले जाते आणि पाणी त्यामागून येते. म्हणूनच आजच्या ओआरएसमध्ये दोन्ही लिटरमागे ७५-७५ मिलिमोल असतात. बांगलादेश युद्धाच्या काळात, १९७१ साली, बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांवर असेच मीठ-साखरेचे पाणी मोठ्या प्रमाणावर वापरले. गोडी वाढवण्यासाठी त्यात जादा साखर घातली, तर मात्र आतड्यात उलट पाणी ओढले जाऊन जुलाब वाढतात.