डोळ्याचा आजार आणि बुबुळाची ओळख

बुबुळावरून माणूस ओळखणारा स्कॅनर बाहुलीभोवतीचे रंगीत कडे, म्हणजे परितारिका वाचतो. तिच्यातले धागे, खळगे आणि सुरकुत्या बहुतांशी गर्भातच घडतात. जुळ्या भावंडांतही ही नक्षी वेगळी असते. केंब्रिजचे जॉन डॉगमन यांनी तिचे २०४८ बिटांच्या संकेतात रूपांतर करण्याची रीत शोधली. आधारसाठी दहा बोटांबरोबर दोन्ही बुबुळे घेतली जातात. पहिले आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले.

पुण्याजवळच्या कुरुळी, निघोजे, चाकण या कारखान्यांच्या पट्ट्यात या खुणेचे मोल अधिक. वर्षानुवर्षे ग्राइंडिंग आणि कूलंटमध्ये राबलेल्या बोटांचे ठसे पुसट होतात. अंगठा जुळेनासा झाला की डोळा उपयोगी पडतो. पण त्याच कामात डोळ्यालाही धोका असतो. वेल्डिंगच्या झोताने रात्री डोळे चुरचुरतात, पाणी गळते, पापणी उघडवत नाही. हा त्रास वरच्या पारदर्शक पडद्याचा, परितारिका सुखरूप असते. लोखंडाचा कण त्या पडद्यात रुतून जखम चिघळली, तर मात्र पांढरा डाग राहतो. यालाच फूल पडणे म्हणतात. आतली नक्षी शाबूत असते, पण काचेवर चुना उडावा तशी ती झाकली जाते. फूल पातळ असेल तर स्कॅनरचा अवरक्त प्रकाश त्यातून पार होतो, दाट असेल तर नाही.

मोतीबिंदूची भीती मात्र बहुधा अनाठायी ठरते. गढूळ होणारे भिंग परितारिकेच्या मागे असते, त्यामुळे नक्षी बदलत नाही. शस्त्रक्रियेत परितारिकेला इजा झाली किंवा बाहुलीचा गोल बिघडला, तरच जुना संकेत चुकू शकतो. ब्राझीलमधल्या २००४ च्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर ५५ पैकी ६ रुग्ण ओळखले गेले नाहीत. चष्म्याचा नंबर घालवणारी लेझर शस्त्रक्रिया वरच्या पडद्यावर होते, त्यामुळे तिनेही नक्षी बदलत नाही. काचबिंदूसाठी लेझरने परितारिकेत पाडलेले भोकही सहसा वरच्या पापणीआड लपते.

परितारिकेला सूज येण्याचा आजार सर्वांत त्रासदायक. ती मागच्या भिंगाला चिकटते आणि बाहुली वेडीवाकडी होते. तपासणीसाठी घातलेल्या थेंबांनीही बाहुली पसरून कडे अरुंद होते, पण औषधाचा असर उतरला की ते पूर्ववत होते. म्हणून थेंब घातलेल्या दिवशी स्कॅन टाळावे.

बदल कायमचा असेल, तर डोळा पूर्ण बरा झाल्यावर आधार केंद्रात बायोमेट्रिक अद्ययावत करता येते. एखादे बुबुळ घेणेच अशक्य असेल, तर तशी अपवाद म्हणून नोंद होते आणि दुसरा डोळा, बोटे किंवा चेहरा वापरता येतो.