गिरडच्या टेकडीवर, वैशाखात

नागपूर-हैदराबाद महामार्गावरच्या जामहून समुद्रपूरमार्गे गिरड गाठायचं, तेही उजाडायच्या आत. वैशाखात वर्धा जिल्ह्याचा पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो आणि सकाळीच काळा दगड तापायला लागतो. डोक्याला ओला दुपट्टा, खिशात कांदा, निघण्याआधी पोटभर पाणी. चढ फार मोठा नाही, पण भोवतालचा मुलूख इतका सपाट की शेख फरीद बाबांच्या दर्ग्याची ही टेकडी दुरूनच नजरेत भरते.

चढताना नजर पायांपाशी ठेवावी. माझ्या मते गिरडमध्ये पाहण्यासारखं सगळ्यात मोठं ते तिथंच आहे. पायाखाली वाटोळे खडे घरंगळतात. एखादा हुबेहूब सुपारी, एखादा जायफळ. बाबांनी भिक्षा मागितली, माल घेऊन चाललेल्या बंजारा व्यापाऱ्याने थट्टा केली आणि गोण्यांतल्या मालाचे दगड झाले, अशी कथा आहे. बाबा इथे १२४४च्या सुमारास आले असं इंग्रजी अमदानीतलं गॅझेटियर सांगतं, आणि हे खडे झिओलाइटचे आहेत हेही.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनभर लाव्हा पसरला. थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या गरम पाण्याने त्यांत झिओलाइटसारखी खनिजं साचवली. आता भोवतीचा बेसाल्ट ऊन-पावसात कुजतो आणि आतला टणक गोळा मोकळा होऊन पडतो. पऱ्हाटी पोसणारी काळी माती असल्याच कुजलेल्या खडकाची. झिओलाइटच्या स्फटिकांत पाणी असतं, रचनेतच धरलेलं. खडा चांगला तापवला की ते बाहेर पडतं. चढून चढून ओठ सुकलेले असताना हातात पाणी धरलेला दगड आहे, याचं मला दरवेळी नवल वाटतं.

वर दर्ग्यात हिंदू-मुसलमान दोघेही येतात. खाली दूरवर वखरलेली रिकामी शेतं, बांधावर कुठे निंब, कुठे चिंच.

उतरणं चढण्याहून अवघड. गोल खड्यांवर टाच रेटली की पाय गेलाच. पाऊल आडवं टाकायचं, गुडघे सैल ठेवायचे. आठवण म्हणून खडे खिशात घालण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. हातात घेऊन निरखावा आणि तिथंच ठेवावा. नवा खडा सुटायला आधी खडक कुजावा लागतो, आणि त्याला आपल्या कित्येक पिढ्या जातात.