हात खिशाकडे जातोच

वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या तयारीसाठी मराठवाडाभरची पोरं लातूरचा उद्योग भवन परिसर किंवा नांदेडचं भाग्यनगर गाठतात. बऱ्याच वसतिगृहांत स्मार्टफोन चालत नाही, साधा बटणांचा फोन ठेवायचा. नवख्याचा हात मग सारखा रिकाम्या खिशाकडे जातो. फोन नसतानाही मांडीपाशी थरथरल्याचा भास होतो. या घालमेलीला ‘नोमोफोबिया’ हे नाव 2008 मध्ये ब्रिटनमधल्या एका पाहणीतून मिळालं. मानसिक आजारांच्या अधिकृत याद्यांत मात्र ते नाही. गंमत अशी, की टेस्टचे गुण क्लासवाले पालकांना पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपवरच धाडतात! या घालमेलीनं झोप-जेवण बिघडू लागलं तर ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं. त्याला साधा फोनही पुरतो.