सिस्टरने पाहिलं, पण सांगायचं कुणाला?

मे २०२५मध्ये लातूर जिल्ह्यातल्या उदगीरची एक ध्वनिफीत मोबाइलवरून फिरू लागली. संभाषण २०२१च्या कोविडकाळातलं. शासकीय रुग्णालयातल्या एका वरिष्ठ डॉक्टरने कोविड सेंटरवरच्या सहकाऱ्याला फोन करून तिथल्या एका रुग्ण महिलेला मारून टाकायला सांगितलं, असा आरोप झाला आणि पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. धार्मिक भावना दुखावल्याचं कलमही लागलं. ती बाई सुदैवाने बरी होऊन घरी गेली होती. फितीतला आवाज कुणाचा आणि त्या बोलण्याचा अर्थ काय, हे तपासात आणि न्यायालयात ठरेल. आपण आधीच निकाल देण्याचं कारण नाही. पण एक गोष्ट निकालाची वाट न पाहता दिसते. मधली चार वर्षं ही बाब दवाखान्याच्या कुठल्याही कागदावरून बाहेर आली नाही. ती आली मोबाइलवरून, अपघाताने. रुग्णाशी कुणी वाईट वागलं तर ते आतून वर कळवण्याची वाट आपल्या रुग्णालयांत नाही, आणि ती नसण्याची सगळ्यात मोठी झळ रुग्णाखालोखाल परिचारिकेला बसते, एवढंच मला इथे मांडायचं आहे.

परिचारिकेलाच का, तर खाटेजवळ ती असते म्हणून. डॉक्टरांचा राउंड काही मिनिटांचा, सिस्टरची पाळी आठ तासांची, आणि बदली आली नाही तर त्याहून लांब. सलाइन कुणाचं संपलं, ऑक्सिजन किती लिटरवर आहे, कळा देणाऱ्या बाईला कोण काय बोललं, हे ती, वॉर्डातल्या मावशी आणि मामा यांनाच ठाऊक असतं. प्रसूतिकक्षात बायकांना शिवीगाळ आणि मारहाण होते, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१४मध्ये निवेदन काढून मान्य केलं. भारतात २०१७मध्ये ‘लक्ष्य’ कार्यक्रम आला, त्यात बाळंतिणीला सन्मानाने वागवणं हा गुणवत्तेचाच भाग धरला गेला. परिचारिकाही यात धुतल्या तांदळासारख्या नाहीत, हे इथेच सांगून टाकावं. कित्येकदा हात आणि जीभ त्यांचीच चालते. पण चुकणारी सिस्टर असली तर तिला जाब विचारणारे वर चार जण असतात. चुकणारा डॉक्टर असला तर त्याला विचारायला खालून कुणी जात नाही.

जाणार तरी कुठून? सरकारी रुग्णालयातली उतरंड अशी: अधिपरिचारिका, तिच्यावर परिसेविका म्हणजे वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टर, मग अधिसेविका म्हणजे मेट्रन. मेट्रनच्या वर थेट डॉक्टरच येतो, वैद्यकीय अधीक्षक, जिल्हा शल्यचिकित्सक किंवा अधिष्ठाता. नांदेडच्या विष्णुपुरीतलं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय घ्या की लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, डॉक्टरविरुद्धचा कागद शेवटी दुसऱ्या डॉक्टरच्याच टेबलावर पोचतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी परिचारिकेला तर दर नूतनीकरणाच्या वेळी वरच्यांची मर्जी राखावी लागते. खासगीत लेखी तक्रारीची सोयच बहुधा नसते; सिस्टरला ‘उद्यापासून येऊ नका’ म्हटलं की संपलं. म्हणून अनुभवी सिस्टर स्वतःपुरती एक युक्ती करते. नोंदवहीत वेळ टाकून ‘डॉक्टरांना कळवले’ एवढंच लिहिते. हा तिचा विमा. आपण सांगितलं होतं याचा पुरावा त्यात राहतो, पण सांगितल्यावर काय झालं, याला त्या ओळीत जागा नाही.

गप्प बसण्याचा हा शहाणपणा कुठून येतो, ते गेल्या काही वर्षांतल्या दुर्घटनांतून कळतं. ९ जानेवारी २०२१ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशु कक्षाला आग लागून १० बाळं दगावली. पुढे गुन्हा नोंदला गेला तो दोन परिचारिकांवर. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला. सुरुवातीला अटक झालेल्या चौघींपैकी तिघी परिचारिका होत्या, चौथी वैद्यकीय अधिकारी. विजेच्या तारा आणि आग विझवण्याची यंत्रणा या काही परिचारिकेच्या हातातल्या गोष्टी नव्हेत. पण त्या क्षणी ड्यूटीवर नाव कुणाचं, एवढंच पाहिलं गेलं. दोष खाली चटकन उतरतो आणि तक्रार वर चढत नाही, हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं त्यांना ‘धाडस करा’ असं सांगणं सोपं आहे, रास्त नाही.

धाडस केलं तर काय होतं, याचं उदाहरण अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये आहे, आणि आपल्या तालुक्याच्या गावाला ते नेमकं लागू पडतं. करमिट हे विंकलर काउंटीतलं जेमतेम काही हजार वस्तीचं गाव. तिथल्या सरकारी रुग्णालयातल्या ॲन मिचेल आणि विकिलिन गॅली या दोन जुन्या परिचारिकांनी २००९मध्ये डॉ. रोलांडो अराफिलेस यांच्याविरुद्ध राज्याच्या वैद्यकीय मंडळाला निनावी पत्र पाठवलं. चुकीचे उपचार आणि जडीबुटीच्या औषधांची रुग्णांना विक्री, असे त्यांचे आक्षेप होते. गावचा शेरीफ डॉक्टरचा मित्रही होता आणि रुग्णही. त्याने पत्र लिहिणाऱ्यांचा माग काढला, संगणक जप्त केले. दोघींची नोकरी गेली आणि सरकारी माहितीच्या गैरवापराचा, दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकेल असा खटला त्यांच्यावरच उभा राहिला. गॅलींवरचा आरोप मागे घेतला गेला. मिचेल यांना ज्युरीने फेब्रुवारी २०१०मध्ये तासाभराच्या आत निर्दोष सोडलं. नंतर भरपाई मिळाली, शेरीफला शिक्षा झाली, डॉक्टरने गुन्हा कबूल केला. पण विचार करा: तिथे निदान गावाबाहेरचं एक मंडळ होतं आणि ते परिचारिकांच्या बाजूने बोललं. आपल्याकडे डॉक्टर, ठाणेदार आणि पुढारी एकाच लग्नाच्या एकाच पंगतीत बसतात. अशा गावातल्या सिस्टरने पत्र पाठवायचं म्हटलं तर पत्ता कुठला लिहायचा?

कागदावर पत्ते आहेत. वैद्यक व्यावसायिकांच्या २००२च्या आचारसंहितेनुसार सहकाऱ्याचं अनैतिक वर्तन न घाबरता उघड करणं हे खुद्द डॉक्टरांचं कर्तव्य आहे, आणि राज्य वैद्यक परिषदेने तक्रारीवर सहा महिन्यांत निर्णय द्यावा असंही त्यात म्हटलं आहे. परिषद मुंबईत, देगलूर किंवा निलंग्याहून तिचं दार लांब. दक्ष नागरिकाला संरक्षण देणारा जागल्यांचा कायदा संसदेने २०१४मध्ये केला, राष्ट्रपतींची सहीही झाली, पण तो लागूच केला गेला नाही.

यावर डॉक्टरमंडळी दोन हरकती घेतात आणि दोन्ही हलक्यात घेण्यासारख्या नाहीत. पहिली: उपचार बरोबर की चूक हे परिचारिका कसं ठरवणार? ठरवू नये. शस्त्रक्रिया करायला हवी होती का, हा तिचा प्रश्न नाहीच. पण रुग्णावर हात उगारला, जात-धर्म काढला, पैशासाठी इलाज थांबवला, बोलावूनही कुणी आलं नाही, हे सांगायला पदवी लागत नाही. शिवाय तिने निर्णय द्यायचा नसून चौकशी मागायची आहे. ऑस्ट्रेलियात बुंडाबर्गच्या रुग्णालयातल्या टोनी हॉफमन या परिचारिकेने शल्यविशारद जयंत पटेल यांच्याबद्दल २००४मध्ये लेखी कळवलं, तेव्हा वरिष्ठांनी ते दाबलं. पुढच्या वर्षी आमदाराने विधिमंडळात वाचून दाखवल्यावर चौकशी लागली. पटेल यांच्यावरच्या सदोष मनुष्यवधाच्या शिक्षा पुढे वरिष्ठ न्यायालयात टिकल्या नाहीत हेही खरं, पण चौकशीची गरज होती यावर तिथे दुमत उरलं नाही.

दुसरी हरकत जास्त टोचणारी आहे. मराठवाड्यात आधीच डॉक्टर टिकत नाहीत, नातेवाईक अंगावर धावून येतात, त्यात आतल्याच माणसांनी सूडापोटी तक्रारी केल्या तर? भीती खरी आहे. पण आतला रस्ता बंद ठेवल्याने ती कमी झालेली नाही. ऑक्टोबर २०२३च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बाळं होती. त्यावर पहिली ‘चौकशी’ काय झाली? खासदाराने अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन कॅमेऱ्यासमोर त्यांना शौचालय साफ करायला लावलं. मग खासदारावर गुन्हा, पाठोपाठ मृताच्या नातेवाइकाच्या तक्रारीवरून अधिष्ठात्यांवरही गुन्हा. ज्या संस्थेत आतून वेळेवर बोलता येत नाही, तिथे बाहेरचे लोक असंच बोलतात. खोट्या तक्रारीची पहिली झळ बसते ती डॉक्टरलाच, तेव्हा नीट छाननी करणारी व्यवस्था त्यालाच अधिक हवी असायला पाहिजे.

अशी व्यवस्था आपल्याला अनोळखी नाही. इंग्लंडमध्ये स्टॅफर्डच्या रुग्णालयातल्या हेळसांडीनंतर प्रत्येक सरकारी आरोग्य संस्थेत कर्मचाऱ्यांचं ऐकून घेणारी स्वतंत्र व्यक्ती नेमायला सुरुवात झाली, पण तितकं लांब जायचीही गरज नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक कार्यालयात समिती आणि तिच्यावर बाहेरची एक सदस्य सक्तीची केली. दहापेक्षा कमी माणसं असतील तिथल्या बायकांसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती ठेवली, म्हणजे चार सिस्टरच्या खासगी दवाखान्यालाही पत्ता मिळाला. रुग्णाच्या छळाची तक्रार याच धर्तीच्या समितीकडे जाऊ शकते. तीत डॉक्टर असावा, कारण वैद्यकीय बाजू समजून घ्यावी लागेल, पण तो दुसऱ्या जिल्ह्यातला, नांदेडच्या तक्रारीला लातूरचा आणि लातूरच्या तक्रारीला नांदेडचा. तक्रार करणारीची बदली, कंत्राट आणि गोपनीय अहवाल चौकशी संपेपर्यंत तिच्या वरिष्ठाच्या हातात राहू नयेत. आणि रुग्णालयाच्या दारात आज जी कुलूपबंद तक्रारपेटी टांगलेली असते, तिची किल्ली अधीक्षकांच्या खणात न राहता जिल्हाधिकारी कार्यालयात जावी.