कण्याचा वैद्य व त्याचा धर्मादाय

पाठीचें दुखणें श्रीमंत व गरीब असा भेद करीत नाहीं, असें म्हणण्याची रीत आहे. दुखण्यापुरतें तें खरें असेल. परंतु दुखण्याच्या परिणामाविषयीं तें मुळींच खरें नाहीं. कचेरींत बसणाऱ्या गृहस्थाची कंबर धरली, तर तो दोन दिवस रजा काढतो, शेक घेतो आणि तिसऱ्या दिवशीं कामावर जातो. ओझीं वाहणाऱ्या हमालाची कंबर धरली, म्हणजे त्याच दिवशीं त्याच्या घरची चूल अडते. २०२० सालीं जगांत सुमारें ६१ कोटि ९० लक्ष लोकांस कंबरदुखी होती, असा हिशेब तज्ज्ञांनीं मांडला आहे. आणि मनुष्याचा प्राण न घेतां त्याला वर्षानुवर्षें पंगु करून ठेवणाऱ्या व्याधींत तिचा क्रमांक पहिला लागतो. तेव्हां पाठीच्या कण्यावर उपचार करणें हाच ज्याचा व्यवसाय, त्याच्या दाराशीं गरजू मनुष्य येणारच. पैशाअभावीं त्याला परत पाठवावें कीं काय, आणि परत पाठवावयाचें नसेल तर व्यवसाय कसा चालवावा, हा प्रश्न अमेरिकेंतील कायरोप्रॅक्टिक नांवाच्या धंद्यांत पडणाऱ्या प्रत्येकापुढें उभा राहतो. त्या प्रश्नाचा विचार इतर ठिकाणच्या वैद्यांस व रोग्यांसहि उपयोगी पडण्यासारखा आहे.

हा धंदा आयोवा संस्थानांत, मिसिसिपी नदीच्या कांठीं वसलेल्या डॅव्हनपोर्ट शहरीं जन्मास आला. तेथें डॅनिअल डेव्हिड पामर नांवाचा एक गृहस्थ हस्तस्पर्शानें रोग बरे करण्याचा व्यवसाय करीत असे. १८९५ सालच्या सप्टेंबर महिन्यांत त्यानें हार्वे लिलर्ड नांवाच्या एका कृष्णवर्णीय मनुष्याच्या पाठीचा मणका हातानें दाबून बसविला. लिलर्ड हा त्याच इमारतींत झाडलोट करणारा होता. त्याचें बहिरेपण या उपचारानें गेलें, असें पामर सांगत असे. आजचें वैद्यक हा दावा मान्य करीत नाहीं. परंतु या धंद्याचा पहिला रोगी श्रमजीवी होता, एवढी गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. ‘हात’ आणि ‘कृति’ अशा अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरून त्याला कायरोप्रॅक्टिक हें नांव मिळालें. १८९७ सालीं पामरनें शिक्षणसंस्था काढली. १९०६ सालीं परवान्यावांचून वैद्यकी केल्याबद्दल त्याला तुरुंगवासहि घडला. पुढें १९१३ सालीं कॅन्सस संस्थानानें या धंद्यास कायद्यानें परवाना दिला आणि सर्वांत शेवटीं, १९७४ सालीं, लुइझियानानें. म्हणजे लोकांचा विश्वास मिळविण्यासाठीं या मंडळींस पाऊणशें वर्षांहून अधिक काळ झगडावें लागलें.

अविश्वासास कारणहि होतें. बहुतेक सर्व रोगांचें मूळ मणके सरकण्यांत आहे, असें पामरचें मत होतें. तें शास्त्राच्या कसोटीस उतरलें नाहीं. मात्र कंबरदुखीच्या बाबतींत हातानें कण्यावर केलेल्या उपचाराचा कांहीं लोकांस बेताचा उपयोग होतो, असें पुढील अभ्यासांतून दिसून आलें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालच्या डिसेंबरांत जुनाट कंबरदुखीविषयीं मार्गदर्शन प्रसिद्ध केलें. त्यांत रोग्याचें शिक्षण, व्यायाम व मालीश यांच्या जोडीला या हस्तोपचारासहि स्थान दिलें आहे. ताजी कंबरदुखी पुष्कळदां कांहीं आठवड्यांत आपोआप कमी होते, हेंहि तितकेंच सिद्ध आहे. शिवाय मानेवरील झटक्याचा उपचार सर्वथा निर्धोक नाहीं. क्वचित् मानेंतील रक्तवाहिनीस इजा होऊन अर्धांगवायु झाल्याचीं उदाहरणें नमूद आहेत.

धर्मादायाचा विचार करतांना ही मर्यादा आधीं सांगावी लागते. कारण दान देणाऱ्यानें आपण काय देत आहों हें प्रथम ओळखलें पाहिजे. ज्याचा उपयोग नाहीं तें फुकट दिलें म्हणून त्याला दानाची योग्यता येत नाहीं. गरीब रोग्यास तर तें फुकटहि पडत नाहीं. कारण दवाखान्यांत येण्याजाण्यास त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून कण्याच्या वैद्याचें पहिलें दान म्हणजे खरा सल्ला. रोग्याच्या जांघेंत बधिरपणा आला असेल, लघवीवरचा ताबा सुटला असेल, दुखण्याबरोबर ताप येत असेल, वजन विनाकारण उतरत असेल किंवा उंचावरून पडून मार लागला असेल, तर त्याच्या पाठीस हात न लावतां त्याला तत्काळ रुग्णालयांत पाठविलें पाहिजे. ज्याला नुसत्या चालण्यानें व व्यायामानें बरें वाटण्याजोगें आहे, त्याला तसें स्पष्ट सांगितलें पाहिजे. या सल्ल्यास वैद्याचा पैसा खर्च होत नाहीं; मात्र उत्पन्न बुडतें. खरी परीक्षा तेथेंच होते.

दुसरी गोष्ट दान व आमिष यांतील भेदाची. ‘पहिली तपासणी मोफत’ अशी जाहिरात करावयाची, आलेल्या मनुष्यास क्ष-किरणांचें चित्र दाखवून भिववावयाचें आणि मग पुढील अनेक खेपांचे पैसे आगाऊ घ्यावयाचे, अशी एक रीत या धंद्यांत रूढ झाली होती व तिच्यावर टीकाहि पुष्कळ झाली. बाहेरून पाहणाऱ्यास तींत औदार्य दिसतें. परंतु हिशेबाच्या वहींत तो केवळ जाहिरातीचा खर्च असतो. अमेरिकेच्या कायद्यानें हा भेद मोठ्या नेमकेपणानें केला आहे. ६५ वर्षांवरील लोकांसाठीं तेथें मेडिकेअर नांवाची सरकारी विमा-योजना आहे. तींत कण्यावरील हस्तोपचाराच्या मान्य दराचा पांचवा हिस्सा सामान्यतः रोग्यानें भरावयाचा असतो. हा हिस्सा वैद्यानें सरसकट सर्वांस सोडणें बेकायदा ठरूं शकतें. कारण रोग्यास कांहींच पडत नसलें, म्हणजे अनावश्यक खेपांचें बिल सरकारच्या माथीं मारणें सोपें जातें. परंतु एखाद्या रोग्याची अडचण स्वतंत्रपणें पाहून, त्याची जाहिरात न करतां व नित्याचा परिपाठ न पाडतां ही सूट दिली, तर ती कायद्यास मान्य आहे. गरज पाहून द्यावें, गाजावाजा करूं नये, आणि दिल्यापासून धंदा वाढण्याची अपेक्षा ठेवूं नये, असाच या नियमाचा मथितार्थ आहे.

आतां व्यवहाराकडे वळूं. दयाळू वैद्याचा व्यवसाय बुडतो तो बहुधा दयेमुळें बुडत नाहीं, अनियमानें बुडतो. समोर आलेल्याचा चेहरा पाहून आज एकाला सूट, उद्यां दुसऱ्याला नकार, असें चाललें म्हणजे महिनाअखेर जागेचें भाडें निघत नाहीं, आणि ज्याला नकार मिळाला तो पक्षपाताचा आरोप करतो. म्हणून नियम आधींच कागदावर लिहून ठेवणें हें हिताचें. समजा, एका दवाखान्यांत आठवड्यास १०० रोगी येतात व प्रत्येकी ५० डॉलर देतात. म्हणजे उत्पन्न ५,००० डॉलर झालें. त्यांतले २ टक्के बाजूस काढले, तर १०० डॉलर होतात. एवढ्यांत दोघांस संपूर्ण मोफत उपचार मिळतो, किंवा पांच जणांस प्रत्येकी २० डॉलरांची सूट देतां येते. रक्कम लहान दिसते, परंतु ती दर आठवड्यास निश्चित असते, आणि शंभर भरणाऱ्यांपैकीं कोणाच्याहि खिशास ती जाणवत नाहीं. याखेरीज वैद्यापाशीं दुसरें एक भांडवल असतें, तें म्हणजे रिकामा वेळ. मंगळवारीं दुपारीं दवाखाना ओस असेल, तर भाडें व नोकरांचा पगार चुकत नाहींच. त्या तासांत पाहिलेल्या गरीब रोग्याचा वेगळा खर्च फारच थोडा येतो. तोच रोगी संध्याकाळच्या गर्दींत घेतला, तर पैसे देणारा परत जातो. म्हणून दानाचा वार व वेळ नेमून देण्यांत कंजूषपणा नाहीं, दूरदृष्टि आहे.

महाराष्ट्रांतील वाचकांस ही कल्पना अगदींच नवी वाटूं नये. मुंबईच्या उच्च न्यायालयानें २००६ सालीं मान्य केलेल्या योजनेप्रमाणें राज्यांतील धर्मादाय रुग्णालयांस १० टक्के खाटा निर्धन रोग्यांसाठीं मोफत व आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठीं सवलतीच्या दरानें राखाव्या लागतात. आणि रोग्यांच्या बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधि म्हणून वेगळ्या खात्यांत टाकावी लागते. जें तेथें मोठ्या संस्थांवर न्यायालयानें बंधनकारक केलें, तेंच एकटा वैद्य स्वेच्छेनें करूं शकतो. दोहोंतील तत्त्व एकच: दान उरल्या पैशांतून करावयाचें नसून प्रथमच बाजूस काढलेल्या पैशांतून करावयाचें. उरलेलें दान चांगल्या वर्षीं निघतें व वाईट वर्षीं आटतें; गरिबाची गरज मात्र वाईट वर्षींच वाढते.

देण्याची रीतहि तितकीच महत्त्वाची. मोफत रोग्यास निराळ्या बाकावर बसविलें, त्याचें नांव मोठ्यानें पुकारलें किंवा त्याचें छायाचित्र भिंतीवर लावलें, तर उपचार मोफत होतो, पण त्याची किंमत रोगी आपल्या अब्रूनें भरतो. म्हणून बाक एकच, पावती सारखी, आणि सुटीची नोंद केवळ वहींत, अशी व्यवस्था असावी. पुष्कळांस संपूर्ण मोफत घेणें जड वाटतें. त्यांच्याकडून थोडी रक्कम घेणें हाच त्यांचा मान राखणें होय. अमेरिकेंत कित्येक कायरोप्रॅक्टर वर्षांतून एखादा दिवस फीऐवजीं डबाबंद अन्न किंवा मुलांचीं खेळणीं स्वीकारतात व तीं गांवच्या अन्नछत्रास अथवा अनाथ मुलांस पोंचवितात. या रीतींत रोगी याचक होत नाहीं, उलट दात्याच्या पंक्तीस बसतो. मात्र असा दिवस नवीं गिऱ्हाइकें जोडण्यासाठीं योजला, तर तो पुन्हां आमिषाच्या वर्गांत जातो, हें विसरतां कामा नये.

एकट्याच्या शक्तीबाहेरचें काम संघटनेनें कसें होतें, याचेंहि उदाहरण आहे. स्कॉट हॅल्डेमन हे कायरोप्रॅक्टर असून मज्जातंतुविशारद वैद्यहि आहेत. त्यांनीं २००८ सालीं ‘वर्ल्ड स्पाइन केअर’ नांवाची धर्मादाय संस्था स्थापन केली. आफ्रिकेंतील बोट्स्वाना देशांत तेथील सरकारच्या सहकार्यानें महालाप्ये व शोशाँग या गांवीं तिनें कण्याच्या रोग्यांसाठीं दवाखाने उघडले, आणि स्वयंसेवक वैद्य तेथें जाऊन राहूं लागले. चार दिवसांचें शिबिर भरवून परत जावयाचें नाहीं, तर गांवांत ठाण मांडावयाचें, हा त्यांतला मुख्य विचार होता. कंबरदुखी पुन्हां पुन्हां उलटणारी व्याधि आहे. शिबिर संपल्यावर ज्याचें दुखणें उलटलें त्यानें कोणाकडे जावें, या प्रश्नाचें उत्तर ज्या दानाजवळ नाहीं, तें दान अर्धवट होय.

म्हणून या सर्वांचा निष्कर्ष साधा आहे. वैद्याचें औदार्य त्यानें एके दिवशीं किती रोग्यांस फुकट पाहिलें यावरून मोजूं नये. पुढच्या महिन्यांतल्या त्याच वारीं त्याचें दार उघडें आहे कीं नाहीं, आंत गेलेल्या हमालास शेजारच्या शेटजींइतकाच वेळ मिळतो कीं नाहीं, आणि उपचाराची गरज नसेल तर ‘घरीं जा, चालत राहा, पुन्हां येऊं नका’ एवढें सांगण्याचें धैर्य त्याच्यापाशीं आहे कीं नाहीं, या तीन गोष्टी पाहाव्या. त्या जेथें आहेत, तेथें धर्म व धंदा एकाच छपराखालीं सुखानें नांदतात.