जुनी जीप घेताना इंजिन कोणतं बघायचं?

आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, हे तर पुरुषांचं गॅरेजमधलं बोलणं. पण गेल्या दोन-तीन महिन्यांत आमच्याकडे हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी आला. मुलाला किंवा नवऱ्याला उघडी, जुन्या लष्करी थाटाची जीप घ्यायची आहे, त्यासाठी सोनं मोडायचं ठरतंय, आणि गाडी घरातल्या बाईच्या नावावर करायची आहे. पैसा तुमचा आणि सहीसुद्धा तुमची, मग इंजिनाचं तुम्हाला कळायला नको का?

नाशिककरांना जीप परकी नाही. १९४७ साली महिंद्रांनी विलीस जीप जोडायला सुरुवात केली. आज थार आणि बोलेरो आपल्याच नाशिकच्या कारखान्यात तयार होतात आणि इगतपुरीला त्यांचा इंजिनांचा कारखाना आहे. पण आपण ज्या गाडीबद्दल बोलतोय ती कारखान्यातून आलेली नसते. हरियाणा-पंजाबच्या सीमेवर मंडी डबवाली नावाचं गाव अशा जीप बांधण्यासाठी प्रसिद्ध आहे. लष्कराच्या लिलावातल्या किंवा भंगारातल्या गाडीची चेसिस घ्यायची, तिच्यावर विलीससारखी दिसणारी नवी बॉडी चढवायची, रुंद टायर लावायचे आणि आत गिऱ्हाईक म्हणेल ते इंजिन बसवायचं. आता आपल्याकडची गॅरेजंही हे काम करतात. दिसायला सगळ्या सारख्याच. फरक बॉनेटखाली असतो, आणि तो विकणारा आपणहून सांगत नाही.

चार प्रकारची इंजिनं तुमच्यासमोर येऊ शकतात. पहिलं मूळ विलीसचं पेट्रोल इंजिन, चार सिलिंडरचं, सुमारे २.२ लिटरचं. युद्धकाळात त्याची ताकद ६० अश्वशक्ती होती. आवाज गोड, पण पेट्रोल भरपूर पितं. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्या काळच्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरचे वायसर इथेनॉलसाठी बनवलेले नव्हते, ते लवकर खराब होतात. ज्याला गाडी पुसत बसायची हौस आहे, त्याने हे घ्यावं.

दुसरं प्यूजोचं डिझेल. महिंद्राच्या एमएम ५४० मध्ये ते असायचं. मिस्त्री त्याला ‘चार नव्वद’ म्हणतात, म्हणजे चार सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर. एकूण २११२ सीसी. चालायला मऊ आहे, पण गार असताना सुरू व्हायला त्याला हीटर प्लग लागतो. निफाडकडच्या मैत्रिणींनी हे लक्षात ठेवावं. जानेवारीच्या पहाटे हीटर गेलेला असेल तर सगळं घर मिळून जीप ढकलत बसेल.

तिसरं महिंद्राचं साधं डीआय डिझेल, २५२३ सीसी. त्याचा दट्ट्या १०० मिलिमीटरहून जास्त अंतर वर-खाली जातो. त्यामुळे कमी वेगातही ओढ चांगली असते, शेतातल्या चिखलातून गाडी निमूट निघते. थरथरतं मात्र खूप, आरसे हलतात, दात वाजतात. हेच इंजिन बोलेरोत वर्षानुवर्षं होतं. म्हणून सुटे भाग तालुक्याच्या दुकानात मिळतात आणि ते उघडून बसवणारा मिस्त्री गावोगाव सापडतो. आमचं मत विचाराल तर रोजच्या वापराला हेच.

चौथ्या प्रकारात बाहेरची इंजिनं येतात, कुठे टोयोटाचं जुनं डिझेल, कुठे स्कॉर्पिओचं कॉमनरेल. मुलांचा डोळा यांच्यावरच असतो, कारण पिकअप. पण इंजिन एकटं येत नाही. ताकद वाढली की क्लच, गिअरबॉक्स, मागचं डिफरन्शियल, रेडिएटर, सगळ्यांवर ताण येतो. जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात, ते साठ-सत्तर अश्वशक्तीच्या हिशोबाने दिलेले. त्यावर शंभराच्या पुढचं इंजिन चढवलं तर गाडी पळेल हो, कसारा घाट उतरताना थांबणार कशी, ते विचारा. कॉमनरेलला तर संगणक, सेन्सर आणि वायरिंगचं जाळं लागतं. ज्याने ते जोडलं तो मिस्त्री शहर सोडून गेला, तर दुसरा हात लावायला तयार होत नाही.

आता कागद. खरं तर इथूनच सुरुवात करायला हवी होती, पण इंजिनांची नावं माहीत नसतील तर कागद वाचूनही उपयोग नाही. आर.सी. बुकात चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि इंधन लिहिलेलं असतं. तो इंजिन नंबर प्रत्यक्ष इंजिनावर कोरलेल्या नंबराशी अक्षरन् अक्षर जुळवा. नंबरावर काळा ऑइलचा थर असेल तर डिझेलमध्ये बुडवलेल्या फडक्याने पुसा, मोबाईलवर फोटो काढा. अक्षरं वाकडीतिकडी किंवा घासून पुन्हा ठोकल्यासारखी वाटली तर तिथूनच परत फिरा. आर.सी.वर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल, हे तर सर्रास दिसतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. इंजिन बदललं असेल तर आर.टी.ओ.ची परवानगी आणि आर.सी.वर नोंद हवी. ‘नंतर करून देऊ’ हे वाक्य ऐकलं की पिशवी उचलायची. अशा गाडीला अपघात झाला तर विमा कंपनी नेमकं याच गोष्टीवर बोट ठेवते.

म्हणून आम्ही सांगू, जे इंजिन आर.सी.वर आहे तेच चांगलं इंजिन. मग ते थरथरणारं का असेना.

गाडी बघायला सकाळी जा आणि आधी न कळवता जा. बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर तुमच्या येण्याआधीच कोणीतरी गाडी सुरू करून ठेवली आहे. गार इंजिन पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात सुरू व्हायला हवं. थोडा पांढरा धूर येऊन थांबला तर चालेल. निळसर धूर येतच राहिला तर ऑइल जळतंय. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण उघडून त्याच तोंडावर उलटं ठेवा. ते उडायला लागलं किंवा आतून भकाभक वाफ आली, तर रिंगा गेल्यात आणि मोठा खर्च समोर उभा आहे. रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन गार असतानाच उघडायचं. पाण्यावर तेलाची साय दिसली तर हेड गॅस्केटचा संशय घ्या.

गंगापूर रोडवर एक चक्कर मारून काही कळत नाही. नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट चढवून बघा, सोबत तुमचा ओळखीचा मिस्त्री घ्या, त्याची दिवसाची मजुरी द्या. वर पोचल्यावर पाण्याच्या तापमानाचा काटा पाहा, खाली उतरल्यावर ब्रेकचा वास घ्या.

गाडी दुसऱ्या राज्याची असेल तर तिथल्या आर.टी.ओ.चं ना हरकत प्रमाणपत्र हवं. १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवायची तर एमएच १५ चा नंबर घ्यावा लागतो आणि इथला करही भरावा लागतो. १५ वर्षं झालेल्या खासगी गाडीची नोंदणी तपासणी करून दर पाच वर्षांनी वाढवावी लागते, ती कधीपर्यंत आहे ते आर.सी.वर बघा.

हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३०. नुसत्या सह्या करून ते कपाटात ठेवू नका, पंचवटीत पेठ रोडच्या कार्यालयात दाखल झाले पाहिजेत. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की अपघाताची भरपाई ज्याच्या नावावर नोंद आहे त्याच्यावर येते, गाडी प्रत्यक्षात कोणाकडेही असो. गाडी तुमच्या नावावर असेल आणि मुलाने ती मित्राला विकली, तरी नोंद बदलेपर्यंत कोर्टाची नोटीस तुमच्याच दारात येणार. तेव्हा घेताना शेवटचा हप्ता नोंद झाल्यावरच द्या. आणि पुढे कधी विकाल, तेव्हा घेणाऱ्याच्या नावाची आर.सी. स्वतःच्या डोळ्यांनी पाहून तिचा फोटो जपून ठेवा.