हिरोशिमाचे गोकोकु देवस्थान : राज्यसंस्था, धर्म आणि मृतांचे स्मरण

प्रस्तावना :
शिंतो परंपरेत राष्ट्रासाठी मृत्यू आलेल्यांना देवत्व देऊन ज्या प्रादेशिक देवस्थानांत पूजिले जाते, त्यांना 'गोकोकु जिन्जा' म्हणजे राष्ट्ररक्षक देवस्थान म्हणतात. टोकियोतील यासुकुनी देवस्थानाची चर्चा सर्वत्र होते. परंतु मृतांच्या स्मरणावर अधिकार कोणाचा, हा प्रश्न प्रादेशिक देवस्थानांच्या इतिहासातही तितकाच ठळकपणे दिसतो. प्रस्तुत लेखात हिरोशिमाच्या उदाहरणाने त्याचा विचार केला आहे.

स्थापना व विस्तार :
१८६८ मध्ये सुरू झालेल्या बोशिन युद्धात सम्राटाच्या बाजूने लढताना धारातीर्थी पडलेल्या हिरोशिमा संस्थानाच्या ७८ वीरांसाठी, मेइजी राजवटीच्या पहिल्याच वर्षी हे देवस्थान स्थापन झाले. म्हणजे मूलतः ते एका संस्थानाचे स्मारक होते. पुढे परकीय युद्धांतील मृतांची त्यात भर पडली. १९३४ साली ते शहराच्या मध्यभागी, लष्करी कवायतीच्या मैदानावर हलविण्यात आले. १९३९ मध्ये गृहखात्याने देशभरातील अशा 'शोकोन्शा' देवस्थानांना 'गोकोकु' हे नाव दिले. आप्तांचा शोक अशा रीतीने राज्यसंस्थेच्या व्यवस्थेत सामावला गेला.

विध्वंस व पुनर्रचना :
६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्बने देवस्थान नष्ट झाले; दगडी तोरी (प्रवेशकमान) मात्र उभी राहिली. त्याच वर्षी १५ डिसेंबरच्या आदेशाने दोस्त राष्ट्रांच्या प्रशासनाने शिंतोचा राजाश्रय संपविला. १९५६ साली हिरोशिमा किल्ल्याच्या आवारात देवस्थानाची पुनर्बांधणी झाली. युद्धकार्यास जुंपलेले व बॉम्बस्फोटात मृत्युमुखी पडलेले विद्यार्थीही तेथे पूजिले जातात. 'राष्ट्ररक्षक' या संज्ञेत शाळकरी मुलेही आली, ही बाब लक्षणीय होय.

स्मरणाचा अधिकार :
शेजारच्या यामागुची प्रांतातील गोकोकु देवस्थानात १९७२ साली स्वसंरक्षण दलाच्या एका मृत जवानाची प्रतिष्ठापना त्याच्या ख्रिस्ती पत्नीच्या इच्छेविरुद्ध झाली. तिच्या दाव्यात कनिष्ठ न्यायालयांनी तिच्या बाजूने निकाल दिला. तथापि १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. इतरांच्या धर्माचरणाविषयी तिने सहिष्णुता दाखवावी, असा त्याचा आशय होता.

निष्कर्ष :
राज्यघटनेने राज्यसंस्था व धर्म यांची फारकत केली, तरी मृतावर कुटुंबाचा हक्क की समूहाचा, हा प्रश्न सुटला नाही. धर्मस्वातंत्र्याचा अभ्यास करताना केवळ जिवंतांच्या उपासनेचा विचार पुरेसा नाही, हेच हा इतिहास दाखवितो.